घोड्यांची इव्हेंटिंग स्पर्धा पहिल्यांदाच बघायला जातोय, दिवस कसा आखू?

तुम्ही श्रीवर्धनहून वडिलांना घेऊन पुण्याला जाणार, हातात एकच दिवस, आणि तुम्हाला कुणीतरी सांगितलंय की सकाळचं ड्रेसाज कंटाळवाणं असतं, दुपारी थेट क्रॉस-कंट्रीला पोचलात तरी चालेल. असं सांगणारा माणूस आमच्याही घरात आहे, म्हणून लिहायला बसलो. सकाळ अजिबात सोडू नका. इव्हेंटिंग म्हणजे एकाच स्वाराने एकाच घोड्यावर तीन प्रकार करायचे: ड्रेसाज, म्हणजे रिंगणात ठरलेल्या चाली नेटक्या करून दाखवणं; क्रॉस-कंट्री, म्हणजे मोकळ्या मैदानावर पळत ओंडके, पाणी असे अडथळे पार करणं; आणि जम्पिंग, म्हणजे रिंगणात दांड्यांवरून उड्या.

आमचे आबा अलिबागला टांगा चालवायचे. एसटी स्टँड ते समुद्र आणि परत, उन्हाळ्यात पाहुण्यांच्या फेऱ्या वेगळ्या. रिक्षा आल्या, टांगे गेले, पण आबांच्या बोलण्यातून घोडा काही गेला नाही. २०२१ साली टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारताचा स्वार फवाद मिर्झा आणि त्याचा घोडा सेन्यूर मेडिकॉट टीव्हीवर बघितले तेव्हापासून त्यांना हा खेळ समोर उभं राहून बघायचा होता. पुण्याकडे स्पर्धा आहे असं कळलं तसा मी म्हटलं, चला. रात्री जेवताना भावोजी म्हणाले, "आबांना काय कळणार त्यातलं? साहेब लोकांचा खेळ तो. उन्हात बसून कंटाळतील. मी दुपारी परस्पर येतो, उड्या तेवढ्या बघू." आबा काही बोलले नाहीत. ताटातला भात चिवडत राहिले. ते मला अजून लागतं.

आदल्या रात्रीच मुक्कामाला जा. तुम्हाला माणगाव, ताम्हिणीवरून जावं लागेल आणि पहाटे घाट चढून सकाळी मैदानावर पोचायचं म्हटलं की वडील तिथं पोचायच्या आधीच दमतील. आम्ही पेण, खोपोलीवरून गेलो होतो, तेही आदल्या दिवशीच.

सकाळी आबा मुख्य रिंगणाकडे गेलेच नाहीत. शेजारी सरावाचं मैदान होतं, तिथं दोरीपाशी जाऊन उभे राहिले. तुम्हीही पहिलं काम तेच करा. रिंगणात एक घोडा पाच-सहा मिनिटं दिसतो, सरावाला अर्धा-पाऊण तास डोळ्यासमोर असतो, आणि तिथं त्याचं काहीच झाकलेलं नसतं. एक कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी घोडा दुडकीवर गोल फिरत होता. आबांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं चक्कर आली. म्हणाले, "टापा ऐक. एक ठोका हलका पडतोय." मला सगळे ठोके सारखेच. मग म्हणाले, "आता मान बघ. दुखरा पाय टेकला की डोकं वर उचलतो, चांगला टेकला की खाली सोडतो. पुढचा डावा आहे." मी बघत राहिलो. बऱ्याच वेळाने ती मानेची उचल मला दिसली, जेमतेम नखभर. तेवढ्यात स्वार खाली उतरला, घोड्याची निगा राखणारा मोतद्दार आला, त्याने घोड्याचा पुढचा डावा पाय हातात घेतला आणि खुरापासून वर चाचपत गेला. तो घोडा त्या दिवशी रिंगणात आलाच नाही.

भावोजी आजही म्हणतात योगायोग होता. ते तेव्हा तिथं नव्हते.

ड्रेसाज कंटाळवाणं वाटतं कारण गुण कसे मोजतात ते कुणी सांगत नाही. या खेळात दोष मोजतात, ज्याचे कमी तो वर. ड्रेसाजमध्ये जितके टक्के मिळाले ते शंभरातून वजा करायचे, उरले ते तुमचे दोष, आणि ते शेवटपर्यंत मानगुटीवर असतात. फवादला टोकियोत ७२ टक्के पडले, म्हणजे २८ दोष, आणि तेवढ्यावर तो नववा होता. मग क्रॉस-कंट्रीत त्याने सगळे अडथळे स्वच्छ पार केले, पण ठरवून दिलेल्या वेळेपेक्षा २८ सेकंद जास्त लागले. सेकंदाला ०.४ दोष या हिशोबाने ११.२० दोष वाढले आणि तो थेट बाविसावा झाला. घोडा अडथळ्यापाशी अडला तर एका अडण्याला २०. स्वार पडला तर खेळ संपला. सकाळचे आकडे कागदावर लिहून घेतलेत तर दुपारी प्रत्येक घोड्याच्या वेळी पोटात गोळा येतो, नाहीतर कुणीतरी कुठूनतरी पळतंय एवढंच दिसतं.

ड्रेसाज आणि क्रॉस-कंट्रीच्या मध्ये वेळ मिळाला की मार्ग पायी फिरून या, प्रेक्षकांना परवानगी असेल तिथवर. लाल निशाण उजव्या हाताला आणि पांढरं डाव्या हाताला ठेवून मधून उडी मारायची असते, एवढं माहीत असलं की मार्ग आपोआप उलगडतो. आबा प्रत्येक अडथळ्याच्या पलीकडे जात आणि टाचेने जमीन दाबून बघत. ओहोटीला ओल्या वाळूवर घोडा पळवायच्या आधी ते हेच करायचे. "उडी कुठनं मारतो ते सगळे बघतात," म्हणाले, "उतरतो कुठं ते बघ. सगळा भार पुढच्या दोन पायांवर येतो." एका ओंडक्याच्या पलीकडे उताराची जमीन भुसभुशीत लागली, तिथं ते बराच वेळ थांबले.

भावोजी साडेबाराला आले आणि आल्या आल्या धावायला लागले. एका अडथळ्यावरून दुसऱ्यावर, हातात फोन. क्रॉस-कंट्रीचा मार्ग काही किलोमीटरचा असतो आणि घोडे काही मिनिटांच्या अंतराने सुटतात. घोड्याच्या मागे तुम्ही पळालात तर त्याची शेपटी बघून परत याल. एक जागा धरा आणि तिथंच उभे राहा. माझं मत विचाराल तर पाण्याचा अडथळा. पाणी किती खोल ते घोड्याला कळत नाही, तो फक्त वर बसलेल्या माणसाच्या भरवशावर आत उडी घेतो. आम्ही उभे होतो तिथं एक करडा घोडा आला, काठावर दोन पावलं आखडली, कान पुढे-मागे झाले. स्वाराने लगाम ओढला नाही, उलट हात पुढे सोडले आणि पोटऱ्या दाबल्या. घोडा आत गेला. पाण्याचा फवारा आमच्या अंगावर आला. आबांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की वळ उठला. भावोजींच्या फोनमध्ये त्या घोड्याचं मागचं अंग आहे, फक्त.

पलीकडे शर्यत संपवून आलेले घोडे थंड करत होते. बादलीने पाणी ओतायचं, पट्टीने लगेच निथळायचं, पुन्हा ओतायचं आणि मध्येच फिरवायचं. आबा दोरीबाहेरून बघत होते. तिथल्या मोतद्दाराने विचारलं, "काका, कुठल्या तबेल्यातले तुम्ही?" आबा म्हणाले, "अलिबागचा टांगेवाला." त्याने दोरी वर उचलली आणि त्यांना आत घेतलं. पुढचा अर्धा तास दोघं नालांबद्दल बोलत होते.

साहेबांचा खेळ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगा की १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये या खेळाचं वैयक्तिक सुवर्ण घोडदळाच्या रघुवीर सिंगांनी जिंकलं होतं. घोडे महाग असतात हे खरं आहे, नाकारत नाही. पण घोडा कळायला तो विकत घ्यावा लागत नाही, आणि तुमच्या वडिलांनी कधी बैल पाळला असेल तरी त्यांना तुमच्यापेक्षा जास्त दिसेल.

आता राहिलेलं. छत्री नेऊ नका, आपल्याकडे सवयीने हातात असते ती. समोर फटकन उघडली की घोडा बुजतो. टोपी घाला. शिट्टी वाजली की घोडा येतोय, रस्ता लगेच मोकळा करायचा, फोटो पुरा करत थांबायचं नाही. आम्ही तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी आणि कोकम सरबत घेऊन गेलो होतो ते बरं झालं. मैदान लष्कराच्या हद्दीत असेल तर सगळ्यांची ओळखपत्रं हवीत. वडिलांचे गुडघे दुखत असतील तर सगळा मार्ग फिरवू नका, घडीचं स्टूल न्या आणि सराव, पाणी एवढंच करा. आणि हेही सांगायला हवं की या खेळात घोडे आणि माणसं पडतात, कधी वाईट पडतात. ते बघवणार नसेल तर पाण्यापाशी थांबू नका, शेवटच्या अडथळ्याजवळ मोकळ्यावर उभे राहा. वेळापत्रकही आधी बघा, कारण एकदिवसीय स्पर्धेत तिन्ही प्रकार एकाच दिवशी उरकतात आणि त्यांचा क्रमही बदलतो.

जम्पिंग दुसऱ्या दिवशी असेल तर कसंही करून मुक्काम वाढवा. शेवटच्या जम्पिंगला घोडे बहुतेक उलट्या क्रमाने येतात, पहिला असलेला सर्वांत शेवटी, आणि एक दांडी पडली की ४ दोष. दोन दिवसांचा निकाल त्या एका मिनिटात फिरतो. आबा आणि मी थांबलो होतो. भावोजी आदल्या संध्याकाळीच गाडी काढून अलिबागला गेले. कोण जिंकलं ते त्यांनी आम्हाला फोन करून विचारलं, त्यामुळे या खेळात बघण्यासारखं काय आहे याबद्दल त्यांचं मत मी तरी धरत नाही. तुम्हीही धरू नका.