दृष्टिहीनांसाठी मोबाइल : काही शंका

प्रश्न : भावाला अजिबात दिसत नाही. विक्रेता ‘अंधांचा खास फोन’ म्हणून एक महागडा संच सुचवतो आहे. घ्यावा का?
उत्तर : घाईने घेऊ नये. अँड्रॉइडचा टॉकबॅक आणि आयफोनचा व्हॉइसओव्हर हे स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सोयी) २००९ पासून उपलब्ध आहेत आणि त्यांचे वेगळे पैसे पडत नाहीत. ते ‘बसवून देण्याचे’ पैसे मागणारा फुकटचीच वस्तू विकत असतो. बोटे थरथरत असतील, तर पाचच्या कळीवर उंचवटा असलेला साधा बटणांचा फोन सोपा जातो. निवड दृष्टिहीनांना फोन शिकवणाऱ्या प्रशिक्षकासमोर, भावाच्या हातात फोन देऊनच करावी.

प्रश्न : टॉकबॅक सुरू झाल्यापासून स्पर्शाने ॲप उघडत नाही. फोन बिघडला का?
उत्तर : नाही, आता एका स्पर्शाने नाव ऐकू येते आणि दोनदा टिचकी मारल्यावर ॲप उघडते.

प्रश्न : आईला काचबिंदू आहे, पण मोठी अक्षरे अजून वाचता येतात. आताच स्क्रीन रीडर शिकवला तर नजर आळसावेल, असे नातेवाईक म्हणतात.
उत्तर : हा गैरसमज मी इतक्या वेळा ऐकला आहे आणि त्यापायी इतक्या जणांची वर्षे वाया गेलेली पाहिली आहेत, की सविस्तर लिहिणे भाग आहे. काचबिंदूत डोळ्याच्या नसेची हानी होते. ती नजर ताणून वाचल्याने भरून येत नाही आणि कानाने ऐकल्याने वाढतही नाही. त्यात बहुधा कडेची नजर आधी जाते, त्यामुळे अक्षरे जितकी मोठी करावीत तितकी कमी अक्षरे दृष्टीच्या टप्प्यात मावतात आणि ओळ हातची सुटते. आज आईला बोट उजवीकडे सरकवल्यावर पडद्यावरची चौकट पुढच्या बटणावर किंवा मजकुरावर गेलेली दिसते व त्यावर काय आहे ते ऐकूही येते. नजर आणखी कमी झाली, तर डोळा आणि कान यांची ही सांगड पुढे घालता येणार नाही. रोज पंधरा मिनिटे, एकच हालचाल पक्की होईपर्यंत, सराव करून घ्यावा. डोळ्यांत घालायचे थेंब मात्र एक दिवसही चुकवू नयेत, आणि दृष्टिक्षेत्राच्या (नजर कडेपर्यंत किती पोहोचते याच्या) तपासणीचा अहवाल घेऊन नेत्रतज्ज्ञांना व अल्पदृष्टी तज्ज्ञांना याच महिन्यात भेटावे.

प्रश्न : बँकेचे ॲप नुसतेच ‘बटण, बटण’ बोलते. शेजाऱ्याकडून व्यवहार करून घेऊ का?
उत्तर : पिन कोणालाही सांगू नये. बटणांना नावे न देणे ही ॲप बनवणाऱ्याची चूक आहे; बँकेकडे लेखी तक्रार करावी आणि तोवर दुसरा मार्ग शाखेतच विचारावा.