दाराचं कोटेशन १००, दुरुस्ती १३, मग ठेव कशाला मोडायची?

नमस्कार,

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर लगेच दिसेल. घराचं मुख्य दार दोन झडपांचं आहे, लाकडी. उजवी झडप रोजची, डावी वर्षातून तीन-चारदा, मोठं सामान आत-बाहेर करायचं असेल तेव्हाच उघडता. शेजारी घरफोडी झाली आणि तेव्हापासून घरात कुणाला धड झोप नाही. दारवाल्याने तीन पर्याय दिलेत: चौकटीसकट पूर्ण दार बदलून त्यात मोटरवालं स्मार्ट लॉक, नाहीतर आहे त्याच दाराला मल्टिपॉइंट लॉक (एकाच वेळी तीन-चार ठिकाणी बसणारं), आणि तिसरा पर्याय (तो त्याने नाक मुरडत सांगितला असं तुम्हीच लिहिलंय) नुसती दुरुस्ती. पैसे एकतर मुदत ठेव मोडून येणार किंवा 'शून्य टक्के' हप्त्यांवर. आणि ऑफर रविवारपर्यंतच. हो ना?

तुमचे खरे आकडे इथे उघड करत नाही, सोयीसाठी पूर्ण दाराचं कोटेशन १०० धरतो. मग मल्टिपॉइंट ३८ पडतं, दुरुस्ती ९, आणि दुरुस्तीसोबत चांगला सिलिंडर, म्हणजे लॉकचा किल्ली जाते तो भाग, घेतलात तर वर ४, म्हणजे १३. तुमची ठेव ५ महिन्यांच्या घरखर्चाइतकी आहे आणि तीच तुमची अडीअडचणीची पुंजी आहे, दुसरी नाही. त्यातले १०० गेले की २ महिन्यांचा खर्च उरतो. १३ गेले तर जेमतेम १२ दिवसांचा खर्च जातो, आणि तेवढे तर पुढच्या दोन पगारांतून निघतील, ठेवीला हात लावायची गरजच नाही.

तर माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. १३ वालं काम करा, या आठवड्यात करा. ठेव मोडू नका, हप्ते तर अजिबात घेऊ नका. आता का ते.

पैशाचा सल्लागार कुलपांवर काय बोलणार असं वाटेल, पण कोटेशनमधली प्रत्येक ओळ कशासाठी आहे हे कळल्याशिवाय ती महाग की स्वस्त हे मी सांगू शकत नाही, म्हणून थोडं दारात शिरावं लागतं. एका झडपेच्या दारात किल्ली फिरवली की लॉकचा बोल्ट चौकटीत जातो आणि चौकट भिंतीला धरून असते. दोन झडपांच्या दारात तोच बोल्ट दुसऱ्या झडपेत जातो, आणि ती दुसरी झडप कशाला धरून आहे? एका बाजूला बिजागऱ्या, आणि या बाजूला वर एक अन् खाली एक अशा दोन टॉवर बोल्टना (झडपेवर बसवलेल्या, हाताने सरकवायच्या खिट्ट्या), बस्स. म्हणजे तुम्ही उजव्या झडपेत कितीही भारी लॉक बसवा, ते शेवटी डाव्या झडपेच्या त्या दोन बोल्टवर आणि त्यांच्या बोटभर स्क्रूंवर लटकलेलं असतं. जुन्या दारांना आतून आडवा अडसर घालायचे ना, तो दोन्ही झडपांवरून जाऊन दोन्हीकडे भिंतीत शिरायचा, जोर थेट भिंतीवर. यांत्रिकदृष्ट्या तो प्रश्न त्यांनी सोडवलेलाच होता, फक्त घराबाहेर पडताना अडसर घालता येत नाही एवढीच अडचण.

याबाबतीत मी स्वतः शहाणा उशिरा झालो. माझ्या ऑफिसचं दारही दोन झडपांचं, त्यावर हौसेने एक महागडं डिजिटल लॉक बसवून घेतलं, बोटाचा ठसा वगैरे. सात-आठ महिन्यांनी एक दिवस सहज दार लावून मधोमध तळहाताने दाबलं तर दोन्ही झडपा एकत्र आत गेल्या आणि मधली फट एवढी रुंदावली की लॉकचा बोल्ट चक्क दिसायला लागला. खाली वाकून बघितलं तर डाव्या झडपेचा खालचा बोल्ट उंबऱ्याच्या भोकात जेमतेम नखभर जात होता, कारण रोज झाडताना कचरा त्या भोकात ढकलला जायचा आणि तो दाबून दाबून घट्ट झालेला. स्क्रू ड्रायव्हरने टोकरलं तर धुळीचा गट्टा, दोन स्टेपलर पिना आणि एक पेनाचं टोपण निघालं. ज्याने लॉक बसवलं त्याने तो बोल्ट एकदाही बघितला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मीही नाही, मी पैसे देऊन मोकळा झालेलो.

म्हणून तुम्हाला आधी घरीच करून बघायला सांगतो. दार पूर्ण लावून कुलूप घाला आणि कमरेच्या उंचीवर मधोमध दाबा, मग खाली दाबा, मग वर दाबा. कुठे जास्त हलतंय ते लगेच कळतं. नंतर डावीच्या वरच्या-खालच्या बोल्टच्या टोकाला खडू लावा, बोल्ट आत सरकवा, बाहेर काढा, खडू कुठपर्यंत पुसला गेलाय ते पट्टीने मोजा. लॉकच्या चांगल्या डेडबोल्टची (किल्लीने सरकणाऱ्या पक्क्या बोल्टची) झेप २५ मिमी असते. खालचा बोल्ट ५-७ मिमी जात असेल तर तुमचं सगळं दार त्या ५-७ मिमीवर उभं आहे असं समजा.

आता ते १३ कशात जातात बघा. टॉवर बोल्ट काढून डाव्या झडपेच्या कडेत आत बसणारे फ्लश बोल्ट, कारण उजवी झडप बंद झाली की त्यांच्यापर्यंत हातच पोचत नाही, उघड्यावरच्या टॉवर बोल्टला मात्र काच फोडून किंवा फटीतून तार घालून पोचता येतं. खाली उंबऱ्यात स्प्रिंगवाली धूळरोधक वाटी, बोल्ट वर असताना तिचं झाकण आपोआप वर येऊन भोक बंद करतं (माझ्याकडे पेनाचं टोपण शिरलं ते यामुळे शिरलं नसतं). दोन झडपांमधल्या फटीवर बाहेरून पट्टी, म्हणजे पटाशी किंवा पहार घालायला जागा उरत नाही. बिजागऱ्यांना चौकटीत खोलवर जाणारे लांब स्क्रू, साधारण ७५ मिमीचे. दार बाहेरच्या बाजूला उघडत असेल तर बिजागऱ्यांच्या खिट्ट्या बाहेर येतात, तेव्हा बिजागरीच्या बाजूलाही छोटे पक्के खुंट लावून घ्यायचे म्हणजे खिट्टी काढली तरी झडप चौकटीत अडकून राहते. आणि शेवटचा भाग सिलिंडर. किल्ली जाते तो सिलिंडर हँडलच्या पट्टीपेक्षा ३ मिमीहून जास्त बाहेर डोकावत असेल तर तो पकडून मोडता येतो, मधल्या स्क्रूच्या भोकापाशी तो सगळ्यात बारीक असतो आणि तिथेच तुटतो. न तुटणारा, बरोबर मापाचा सिलिंडर घ्या. किल्ली हरवली तरी पुढे फक्त हाच बदलायचा, पूर्ण लॉक नाही, हीपण बचतच.

मल्टिपॉइंट वाईट आहे असं मी म्हणत नाही, उलट चीज चांगली आहे. हँडल वर उचललं की मधे हुक, वर-खाली बोल्ट, सगळं एकदम बसतं, जोर तीन-चार ठिकाणी वाटला जातो. पण ते सगळं मिलिमीटरच्या हिशेबावर चालतं. तुमची उजवी झडप खाली घासते असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे बिजागऱ्या सैल आहेत किंवा लाकूड फुगलंय, आणि अशा लोंबलेल्या दाराला मल्टिपॉइंट लावलं तर हुक समोरच्या पट्टीत बसत नाहीत, मग माणूस हँडलला हिसका देतो, रोज देतो, आणि एक दिवस आतला गिअरबॉक्स जातो. तो त्याच मॉडेलचा मिळाला तर ठीक, मॉडेल बंद झालं असेल तर पूर्ण पट्टी नवी. म्हणजे ३८ खर्च करायचे असले तरी त्याआधी बिजागऱ्यांचं काम करावंच लागणार, ते टळत नाही. मोटरवाल्या लॉकचं तर त्याहून जास्त, दार जरा अडलं की मोटर जोर लावत बसते आणि बॅटऱ्या भराभर संपतात.

एक गोष्ट वेगळी असती तर मी ३८ ला हो म्हटलं असतं. तुमच्याकडे दोन्ही झडपा रोज उघडत असत्या, व्हीलचेअर आहे किंवा घरातून मालाची ने-आण आहे, तर डावीचे बोल्ट लावायला कुणीतरी विसरणारच, आणि तिथे आपोआप बसणारी यंत्रणा पैसे वसूल करते. वर्षातून तीन-चारदा उघडणाऱ्या झडपेसाठी ती सोय विकत घेणं म्हणजे वापरायची नसलेली सोय विकत घेणं.

१०० वाल्या कोटेशनमध्ये 'आरसी २ दर्जाचं लॉक' असं लिहिलंय, तिथे मी लाल पेन चालवलं असतं. आरसी हे युरोपच्या ईएन १६२७ मानकातले वर्ग, आणि ते पूर्ण दाराला मिळतात, झडपा, चौकट, बिजागऱ्या, लॉक सगळं मिळून चाचणी होते, सुट्या लॉकला ते मिळतच नाहीत. आरसी २ म्हणजे पाना-पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, पाचर असल्या साध्या हत्यारांपुढे ३ मिनिटं टिकणं, आरसी ३ म्हणजे पहारीसकट ५ मिनिटं. दारवाल्याला विचारा की आख्ख्या दाराचं, दोन झडपांच्याच मॉडेलचं, प्रमाणपत्र दाखव. कागद आला तर त्या किमतीत काहीतरी अर्थ आहे, नाही आला तर तुम्ही एका शब्दाचे पैसे देताय. (आणि तुलना करताना गोंधळू नका, अमेरिकी ग्रेडमध्ये १ सगळ्यात भारी, आरसी मध्ये ६.)

आता हप्ते. 'शून्य टक्के' वाचून तुम्ही भुललात त्यात तुमची चूक नाही, ते भुलवायलाच लिहितात. पण तुमच्याच कागदावर दोन गोष्टी आहेत: रोख दिले तर ९२ मध्ये मिळतंय, आणि हप्त्यांवर घेतलं तर १०० चे १२ हप्ते, वर २ प्रोसेसिंग फी आधीच भरायची. म्हणजे आज तुम्हाला खरोखर उधार मिळतात ९० आणि तुम्ही परत करता १००, दर महिन्याला थोडे थोडे. कॅलक्युलेटरवर टाकलं तर हा दर महिन्याला साधारण १.६६ टक्के येतो, वर्षाला २० टक्क्यांच्या आसपास. याला शून्य म्हणायला छाती लागते! त्यापेक्षा ठेव मोडली तर तुमचं फक्त १ टक्का व्याज कापलं जाणार, म्हणजे दोन वाईटांत ठेव मोडणं कितीतरी स्वस्त. पण ती मोडून हाताशी २ महिने उरतात आणि घरात कमावणारं माणूस एकच, हे मला दाराच्या फटीपेक्षा जास्त घाबरवतं.

दर वर्षाचा खर्चही काढून बघा. फ्लश बोल्ट आणि सिलिंडर मी १५ वर्षं धरतो, मग १३ चे वर्षाला १ सुद्धा होत नाहीत. १०० मधलं मोटरवालं लॉक एकटंच ३० चं आहे, त्यातलं इलेक्ट्रॉनिक्स मी ६ वर्षांवर धरत नाही, म्हणजे वर्षाला ५, बॅटऱ्या वेगळ्या. ही माझी अंदाजाची वर्षं आहेत, तुम्ही ती दुप्पट धरलीत तरी तराजू फिरत नाही.

विम्याचं एक. घरातल्या सामानाचा विमा आहे म्हणालात, तर पॉलिसीत लॉकबद्दल काय अट आहे आणि चोरीच्या दाव्याला तोडफोडीची खूण लागते का, हे कंपनीकडून लेखी मागवून घ्या. नवीन लॉकवर प्रीमियममध्ये सूट मिळते असं दारवाला म्हणाला ना, ती सूट किती ते त्याच पत्रात विचारा आणि ३८ ला तिने भागून बघा किती वर्षांत वसूल होतात ते.

आणि कितीही भीती वाटली तरी आतूनही किल्ली लागते असं लॉक लावू नका. १९०३ च्या डिसेंबरात शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरला आग लागली, कमीत कमी ६०२ माणसं गेली, आणि तिथल्या काही दारांना बास्क्युल लॉक होती, म्हणजे एक खटका फिरवला की वरचा-खालचा बोल्ट एकदम हलतो अशी, दोन झडपांच्या दारांना बसवतात तीच. लोकांना ती उघडायची कशी हेच कळेना. दाबलं की उघडणारे पॅनिक बार त्यानंतरच्या वर्षांत तिकडे रुजले. घराला पॅनिक बार नको, पण अंधारात, धुरात, घरातल्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एका हाताने दार उघडता आलं पाहिजे. दुरुस्ती झाली की दिवे घालवून त्यांच्याकडूनच उघडून घ्या.

झोपेचं तुम्ही शेवटी घाईत एका ओळीत लिहिलंय, पण खरा प्रश्न तोच आहे हे मला कळतंय. मी झोपही परताव्यातच धरतो. म्हणून तर म्हणतोय की या आठवड्यात करा, कारण १३ वालं काम एका दिवसात होतं आणि पूर्ण दार मोजून, बनवून, बसवून व्हायला तुमच्याच कोटेशनप्रमाणे ७ आठवडे, तोवर रात्री आहेत त्या बोल्टांवरच काढायच्या ना.

सुताराला सांगा की क्रमाने कर, आधी बिजागऱ्या, झडप सरळ झाली की मगच बोल्टांची भोकं, उलटं केलं तर भोकं चुकतात. बिजागरीपाशी किंवा लॉकपाशी लाकूड बोटाने दाबून भुसभुशीत लागलं, किंवा चौकटच भिंतीपासून सुटलेली निघाली, तर काम तिथेच थांबवा आणि मला कळवा, मग नवीन दाराचा हिशेब मी वेगळा करून देईन, तेव्हा ठेव मोडायलाही माझी हरकत नसेल. नाहीतर एक ओला आणि एक कोरडा मोसम जाऊ दे, लाकूड फुगून-आटून कुठे स्थिरावतं ते दिसेल, खडूची चाचणी पुन्हा करा. तोवर महिन्याला ४ बाजूला टाकत राहिलात तर ३८ साधारण दहा महिन्यांत जमतात, तेव्हाही मल्टिपॉइंट हवंसं वाटलं तर रोख घ्या, आणि रोखीची सूट मागा. रविवारी दारवाल्याचा फोन येईल, त्याला एवढंच विचारा की दोन झडपांच्या आख्ख्या दाराचं प्रमाणपत्र कधी पाठवतोयस.