बोटीवरचा रेडिओ आणि घरपट्टीची पट्टी

प्रश्न : 1960 च्या दशकात इंग्लंडच्या किनाऱ्याबाहेर बोटी उभ्या करून विनापरवाना रेडिओ चालवत आणि तिथली सरकारी मंडळंसुद्धा त्यावर जाहिराती देत, असं माझा नातू सांगतो. मला पटत नाही. आणि खरं असेल तर ऑडिटमध्ये हे सुटलं कसं? – एक निवृत्त शिक्षक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : नातवाचं खरं आहे, गुरुजी. ऑडिटचं मात्र तुम्ही बरोबर माणसाला विचारलंत. माझी सगळी नोकरी मराठवाड्यातल्या नगरपालिकांची व्हाउचरं उलटण्यात गेली.

ते मंडळ म्हणजे ब्रिटनचं अंडी विपणन मंडळ. कायद्यानं स्थापन झालेलं, उत्पादकांच्या आणि सरकारी अनुदानाच्या पैशावर चालणारं. आपल्या बाजार समितीचा लांबचा भाऊबंद म्हणा. लोकांनी सकाळी अंडं खाऊन कामाला जावं, एवढंच त्याला सांगायचं होतं. तेव्हा तिथं जमिनीवरचा रेडिओ एकट्या बीबीसीचा, त्यावर जाहिरात नाही आणि तरुण पोरांना हवी ती गाणीही बेताचीच. मार्च 1964 मध्ये ‘रेडिओ कॅरोलाइन’ची बोट समुद्रात उभी राहिली, वर्षाअखेरीस ‘रेडिओ लंडन’ आला आणि ट्रान्झिस्टरवाली सगळी पोरं तिकडं वळली. मंडळही वळलं. ज्या बोटी बंद कशा करायच्या यावर सरकार डोकं खाजवत होतं, त्यांच्यावर सरकारी आशीर्वादाचं अंडं उकडत होतं!

आता ऑडिट. ब्रिटनची हद्द तेव्हा किनाऱ्यापासून 3 सागरी मैल. बोट त्या पलीकडं, वर झेंडा परदेशाचा. पण जाहिरात घ्यायला कुणी होडीनं जात नव्हतं. कॅरोलाइनचं ऑफिस लंडनमध्ये मेफेअरसारख्या उंची वस्तीत होतं. म्हणजे पत्ता पक्का, बिल पक्कं, पावती पक्की. परवाना नव्हता तो बोटीवरच्या प्रक्षेपणाला. जाहिरात देणं हा तेव्हा गुन्हाच नव्हता. तिथं मी असतो तर मलाही आक्षेपाला कलम सापडलं नसतं.

माझ्यावर मात्र ही वेळ खरोखर आली होती. लातूरकडची एक नगरपालिका, नाव कशाला. केबलचे दिवस. जाहिरात खर्चाच्या फाइलमध्ये वहीच्या कागदावर तीन बिलं, प्रत्येकी 600 रुपये, रेव्हेन्यू तिकिटावर जांभळ्या शाईची आडवी सही. मजकूर : ‘पिक्चरखाली पट्टी फिरविणे’. पट्टीवर काय, तर ‘घरपट्टी 31 मार्चपूर्वी भरा’. केबलवाला गावातलाच. 1995 च्या कायद्याप्रमाणं त्यानं हेड पोस्टात नोंदणी करायला हवी होती, ती नाही. तहसीलचा करमणूक कर थकलेला. दाखवत होता ते पिक्चर चोरीच्या सीडीवरचे. म्हणजे स्वतः कर न भरणारा गडी चोरीच्या पिक्चरखाली लोकांना कर भरा म्हणून सांगत होता, नगरपालिकेच्या खर्चानं.

मी मुख्याधिकाऱ्यांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, “साहेब, नोंदणीवाला साप्ताहिक पेपर आमच्या ऑफिसातच पुड्या बांधायला जातो. ह्याचं पिक्चर रात्री अख्खं गाव बघूलालंय. त्या महिन्याची वसुली बघा की.” वसुली बघितली. वाढली होती. तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आला आणि म्हणाला, “पट्टी रातच्याला दोनदा येते साहेब, इंटरवलच्या आधी अन् नंतर.” म्हणजे हाही बघतच होता.

अंडी मंडळाचा युक्तिवाद ह्याहून वेगळा नसणार. ऐकणारे जिथं, पैसा तिथं. मला तो चुकीचा वाटत नाही, अर्धा वाटतो. खासगी साबणवाल्यानं तसं केलं तर त्याचा धंदा. सरकारी शिक्क्याच्या संस्थेनं केलं, की समोरच्याला पैशाबरोबर इभ्रतही मिळते, आणि तिचं बिल कुणीच लावत नाही.

ब्रिटिश सरकारनं शेवटी काय केलं, ते ऑडिटवाल्याला पटण्यासारखं आहे. बोटीला हात लावता येत नव्हता, म्हणून तिचा चारा तोडला. 1967 च्या कायद्यानं ब्रिटिश माणसानं तिथं काम करणं, तिला माल पुरवणं आणि तिच्यावर जाहिरात देणं, सगळंच गुन्हा ठरवलं. ‘रेडिओ लंडन’ 14 ऑगस्टलाच बंद झाला. आइल ऑफ मॅन बेटाच्या संसदेनं कायदा नाकारला, कारण कॅरोलाइनच्या दुसऱ्या बोटीमुळं बेटाची फुकट जाहिरात होत होती, पर्यटक येत होते. लंडननं तो आदेश काढून लादला. कॅरोलाइननं हट्टानं आणखी काही महिने ओढले, पण मार्च 1968 मध्ये देणी थकल्यामुळं तिच्या दोन्ही बोटी ओढून नेल्या. तोवर बीबीसीनं 30 सप्टेंबर 1967 ला रेडिओ वन काढून गाणी ऐकणारी पोरंच आपल्याकडं ओढली होती. बोटींवरचे कित्येक निवेदकही घेतले. योगायोग म्हणजे आपल्या विविध भारतीनंही 1 नोव्हेंबर 1967 पासून मुंबई, पुणे, नागपूरला जाहिराती घ्यायला सुरुवात केली. आम्ही मात्र पोस्टात लायसनचे पैसे भरलेल्या रेडिओवर श्रीलंकेचं रेडिओ सिलोन लावून बसायचो. सिलोन चोरटं नव्हतं बरं का, ते त्यांच्या देशाचं रीतसर केंद्र.

राहिला माझा आक्षेप. मी तो लिहिला : ‘नोंदणी प्रमाणपत्राविना प्रदान, रु. 1800’. चार महिन्यांनी पूर्तता अहवाल आला, सोबत केबलवाल्याचं पोस्टाचं नोंदणी प्रमाणपत्र, साक्षांकित प्रत. तारीख बघितली. माझ्या आक्षेपानंतर नऊ दिवसांची होती. आणि त्यामागं पिनेनं टोचलेलं चौथं बिल, यंदा 750 रुपये.