१४० किलोमीटरनंतर पण मजा येते का?

तुम्ही विचारलंय की पहिली २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) वेळेत झाली पण १४० नंतर नुसता वैताग आला, मग लोक ३००, ६०० कशाला करतात, त्रासात मजा येते का यांना. खरं सांगू, चालू त्रासात कोणालाच मजा येत नाही. जे तसं सांगतात ते घरी पोचून गरम पाण्याने अंघोळ झाल्यावर सांगतात.

मला मजा येते ती याची की लांबच्या राइडवर कुठलाच मूड टिकत नाही. कात्रज ओलांडताना सायकल विकून टाकायचं ठरवलेलं असतं आणि शिरवळला मीठ घातलेलं ताक नि राजगिऱ्याचा लाडू पोटात गेला की मीच गाणी म्हणत सुटते. त्याला कारण आहे, जोर लावून चालवलं तर अंगातली साठवलेली साखर दीड-दोन तासांत संपत येते आणि मग पायांआधी डोकं बिघडतं, सोबतच्याचा आवाजसुद्धा नकोसा होतो. तुमच्या १४० च्या वैतागात पोटाचा वाटा बराच असणार बघा. भुकेची वाट न बघता दर अर्ध्या-पाऊण तासाने काहीतरी तोंडात टाकत राहा, चिक्की, केळं, गूळ-शेंगदाणे, काहीही.

आणि घाई कशाला? २०० ला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला २०, ६०० ला ४०. बीआरएममध्ये पहिला-दुसरा नंबर काढतच नाहीत. टपरीवर बूड टेकून चहा प्या की.

एकदा रात्री खंबाटकी घाट चढत होते, मांड्या भरून आलेल्या, शेजारी माल भरलेला ट्रक, त्याचा स्पीड नि माझा स्पीड जवळपास सारखाच, नाकात डिझेलचा धूर. क्लीनर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन म्हणतो, मॅडम टाका सायकल मागं, वर सोडतो. मोह झालाच होता, नको म्हटलं, मग कधी तो पुढे कधी मी असं करत वरपर्यंत आलो, आणि वर आल्यावर लक्षात आलं की इतका वेळ ऑफिस, ईएमआय, सोसायटीचा पाण्याचा टँकर यातलं काहीच डोक्यात नव्हतं, फक्त मागचा लाइट चालू आहे ना आणि बाटलीत किती पाणी उरलंय एवढंच. पुण्यात बसून हे मला तरी जमत नाही, ध्यानाचा क्लास लावून पण नाही जमलं.

म्हणून १४० ला ‘अजून ६० राहिले’ असा हिशोब करू नका, पुढचा कंट्रोल, म्हणजे हजेरी नोंदवायचा थांबा, किती लांब तेवढंच बघा.

फक्त मांड्या भरून येणं वेगळं आणि गुडघ्यात कळ येणं किंवा बोटं बधिर होणं वेगळं. ते सोसायचं नाही, तिथे थांबायचं, आणि ३०० ला नाव द्यायच्या आधी सीटची उंची आणि हँडल नीट सेट करून घ्या.