लंडन ते न्यूयॉर्क विमानाला किती वेळ लागतो, आणि जाता-येताना फरक का पडतो?

अंतर साधारण ५,५५० किलोमीटर. लंडनहून न्यूयॉर्कला जाताना साडेसात ते आठ तास धरा, परतीला साडेसहा ते सात. अंतर तेच, विमान तेच, मग तासाभराचा फरक का, असं तुम्ही विचारलंय. तो वाऱ्यामुळे पडतो.

‘पृथ्वी फिरते म्हणून’ असं बरेच जण सांगतात. वाऱ्याची दिशा ठरण्यात त्या फिरण्याचा हात आहे, पण न्यूयॉर्क विमानापासून लांब पळत नसतं. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. खरी गोष्ट अशी की नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचे जोरदार वारे वाहतात, हिवाळ्यात तर फारच. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर आणि वारा १०० चा धरला, तर येताना जमिनीवरून मोजलेला वेग १,००० होतो, जाताना ८००. म्हणजे साडेपाच तास आणि जवळजवळ सात तास. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यांचा वेळ त्यात मिळवा, की वरचे आकडे येतात.

वारा किती मदत करू शकतो याचं माझं आवडतं उदाहरण फेब्रुवारी २०२० मधलं. सियारा वादळाच्या दिवसांत ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून निघून ४ तास ५६ मिनिटांत लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरलं. जमिनीच्या हिशेबात त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता, तरी त्याने ध्वनीचा वेग ओलांडला नव्हता, कारण भोवतालची हवाच त्याला घेऊन पळत होती.

म्हणून अटलांटिकवरचे मार्ग रोज नव्याने आखतात. पूर्वेकडे जाणाऱ्यांना वारा पाठीशी मिळावा, पश्चिमेकडे जाणाऱ्यांना तो टाळता यावा, असा प्रयत्न असतो. त्यासाठी थोडं लांबून जावं लागलं तरी परवडतं. सपाट नकाशावर हे मार्ग उत्तरेकडे वाकलेले दिसतात, पण पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहा: सर्वांत जवळची वाट आयर्लंड आणि कॅनडातल्या न्यूफाउंडलंडवरूनच जाते.

आता तिकिटाबद्दल, कारण गोंधळ तिथेच होतो. तिकिटावरच्या वेळा त्या त्या शहरातल्या असतात. लंडनहून सकाळी ११ ला निघून न्यूयॉर्कला दुपारी २ ला पोहोचणं म्हणजे तीन तास नव्हे, आठ तास. न्यूयॉर्कचं घड्याळ पाच तास मागे आहे. परतीला संध्याकाळी ७ ला निघून सकाळी ७ ला उतरलात, तर प्रवास सात तासांचा. फक्त एक लक्षात ठेवा. उन्हाळी वेळेसाठी घड्याळं बदलण्याच्या तारखा दोन्ही देशांत वेगळ्या आहेत, त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरच्या शेवटी आठवडाभर हा फरक चारच तासांचा असतो. त्या दिवसांतलं तिकीट असेल तर हिशेब चारने करा.