पणजोबा गिरणी कामगार होते, गाव कोकणात. नावापलीकडे काहीच माहीत नाही. त्यांच्या आयुष्याचा माग कसा काढू?

तहसील कार्यालयापासून सुरुवात करा. तिथल्या अभिलेख कक्षात गावाची जन्म-मृत्यूची जुनी वही असते, गाव नमुना 14. सगळे तिला कोतवाल बुक म्हणतात. पानं मोडीत असली तर मोडी वाचणारं कुणी सोबत न्या. शाळेतल्या जन्मतारखेवर विसंबू नका. नाव घालताना मास्तर सर्रास 1 जून लिहीत.

आपल्या माणसाची नोंद सापडली की वही मिटू नका, अख्खं पान वाचा. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यातलं. पणजोबांची पहिली बायको ऑक्टोबर 1918 मध्ये गेली. कारणाच्या रकान्यात एकच शब्द, ‘ताप’. तिच्या वरच्या ओळीत ताप, खालच्या ओळीत ताप, पान उलटलं तरी तेच, आणि नावं सगळी आमच्याच वाडीतली. ती इन्फ्ल्यूएंझाची साथ. त्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तिने मुंबईत कहर केला होता, शिवाय त्याच वर्षी पावसानेही दगा दिला होता. आमच्या घरात ‘थोरली तापाने गेली’ एवढंच सांगत आले. पणजोबांनी त्या महिन्यात किती जणांना पोचवलं असेल, ते मला त्या पानावर कळलं.

चाकरमान्याचा माग काढायला मुलांच्या जन्मतारखा फार उपयोगी पडतात. बाप मुंबईत, आई गावात. म्हणजे तारखेच्या नऊ महिने मागे गेलं की बाप घरी कधी होता ते समजतं. बहुतेकदा शिमगा नाहीतर गणपती निघतो. माझे आजोबा फेब्रुवारी 1929 चे. मागे मोजलं तर मे 1928 येतो. मुंबईतल्या गिरण्यांचा मोठा संप त्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. पगार बंद, खाणावळीचे पैसे कुठून द्यायचे? पावसाळ्यात आगबोटी बंद असत, म्हणून निघायचं तर मेअखेरच्या आत. पणजोबा तेव्हाच आले आणि त्या वर्षीची लावणी त्यांनी स्वतः केली, असं मी धरतो. पण मे महिन्यात चाकरमानी एरवीही येत, त्यामुळे हा अंदाज आहे, पुरावा नाही. तुम्हीही लिहाल तेव्हा अशा ओळीपुढे ‘अंदाज’ हा शब्द जरूर घाला. पुढच्या पिढीला तेच खरं वाटायला नको.

राहिले जमिनीचे कागद. गाव खोतीचं असेल, म्हणजे सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्या खोताकडे असेल, तर बोटखत मागा. कोणतं कूळ कुठली जमीन कसतं आणि खोताला काय देतं, याची ती नोंद. कूळ अर्धेल देत होतं की तिर्धेल, म्हणजे पिकाचा अर्धा वाटा की तिसरा, यावरून त्या घरात वर्षाचं भात पुरत होतं की नाही ते ताडता येतं. माणूस गिरणीत का गेला, याचं उत्तर बऱ्याचदा तिथेच असतं. खोती 1949 च्या कायद्याने गेली, आणि 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनानंतर, म्हणजे कसणारं कूळच जमिनीचं मालक मानलं गेलं त्या दिवसानंतर, कुळांची नावं मालक म्हणून लागू लागली. त्या काळातले फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, नक्की काढा.

तालुका कुठला ते लिहा, म्हणजे नेमका अर्ज कसा करायचा ते सांगतो.