‘स्पार्टन’ म्हणजे नुसतं साधं नव्हे

प्रश्न : ‘त्यांची राहणी अगदी स्पार्टन होती’ असं एका लेखात वाचलं. इथे ‘साधी राहणी’ एवढंच म्हणायचंय का? आणि हा शब्द आला कुठून?

उत्तर : अर्थ जवळपास तोच, पण पुरता नाही. स्पार्टा हे दक्षिण ग्रीसमधल्या लॅकोनिया प्रांतातलं प्राचीन नगरराज्य. तिथला तो स्पार्टन. (मोजकं बोलणं या अर्थाचा ‘लॅकोनिक’ही याच मुलखातला.) मुलगा सात वर्षांचा झाला की त्याची रवानगी सरकारी तालमीत. प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लूटार्क सांगतो, बारा वर्षांच्या पुढे वर्षाला एकच वस्त्र, आणि अंथरूण ज्याचं त्याने करायचं. तेही युरोटास नदीकाठचे लव्हाळे सुरी न वापरता हातांनी मोडून. मोठेपणी जेवण सामायिक पंगतीत, आणि तिथला काळा रस्सा बेचव म्हणून ग्रीसभर बदनाम.

ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने दिलेला किस्सा तर फर्मास आहे. इ.स.पू. 479 मध्ये प्लाटियाच्या लढाईत ग्रीसवर चालून आलेला इराणी सेनापती मार्डोनियस मारला गेला. त्याच्या तंबूतली सोन्याचांदीची आसनं बघून स्पार्टाच्या सेनापती पॉसेनियसने इराणी आचाऱ्यांना नेहमीसारखी शाही मेजवानी रांधायला लावली आणि शेजारी आपल्या माणसांकडून स्पार्टाचं जेवण मांडून घेतलं. मग ग्रीक सेनानींना बोलावून हसत म्हणाला, बघा याचा मूर्खपणा. घरी हे असं ताट, आणि आला आमचं दारिद्र्य लुटायला! (पुढे हाच पॉसेनियस इराणी पोशाखाला आणि इराणी मेजवान्यांना चटावला, हा भाग वेगळा.)

मात्र हे खरंखुरं दारिद्र्य नव्हतं. शेती कसायला हेलॉट नावाचे गुलामवजा लोक होते, म्हणून तर नागरिकांना आयुष्यभर कवायत परवडायची. संख्येने जास्त असलेल्या हेलॉटांच्या बंडाची धास्तीही कायमची. ही राहणी कुणी विरक्तीने पत्करलेली नव्हती, ती राज्याने शिस्त म्हणून लादली होती.

म्हणून मला विचाराल तर स्वखुशीने गरजा कमी केलेल्या माणसाला ‘साधी राहणी’च शोभते. ‘स्पार्टन’मध्ये कडक शिस्त आणि सुखसोयींना मज्जाव, दोन्ही यायला हवं. लोखंडी खाट, एक खुंटी आणि पहाटे थंड पाण्याची आंघोळ असलेलं सैनिकी शाळेचं वसतिगृह खुशाल स्पार्टन म्हणा. तुमच्या लेखातले गृहस्थ तिथे राहत असतील तर शब्द अचूक आहे.